दगडाबाईंचा फोटो

अहो,

भाजी गॅसवर आहे, चपात्या डब्यात. मी एमआयडीसीकडे दगडाबाईंच्या घरी चालले आहे.

माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकची तुम्ही केलेली वेबसाइट काल एका पेशंटच्या मोबाइलवर पाहिली. किळस आली. सगळं एकाच लांबलचक पानावर कोंबलंय. उघडल्याबरोबर दगडाबाईंचा चेहरा आणि खाली 'लघवी सुटण्यावर खात्रीशीर इलाज'. वेळ आणि फोन नंबर मात्र पार तळाला.

हे दुखणं त्यांनी दार लावून फक्त मला सांगितलं होतं. फोटो व्यायाम तपासायला मी काढला होता. तो तुम्ही माझ्या फोनमधून न विचारता घेतलात. काल दगडाबाई मला फोन करून रडत होत्या, "बाई, कारखान्यात समदी हसत्यात की. आता मी कुटं तोंड दाखवू?"

आणि तुम्ही जेवता जेवता मला म्हणालात, "चेहरा दिसला की लोकांचा विश्वास बसतो."

मी सकाळी अख्खी वेबसाइट बंद केली आहे. नवी मीच करेन. पहिल्या पानावर वेळ, पत्ता, फोन. मग एकेका दुखण्याचं वेगळं पान, साध्या मराठीत. बायकांच्या दुखण्यांच्या पानावर कुणाचाही चेहरा नसेल.

दगडाबाई दार उघडतील की नाही, माहीत नाही. उघडलंच तर मी माझ्यापुरती माफी मागेन. तुमच्या वतीने एक शब्दही बोलणार नाही. त्यांचं घर तुम्हाला माहीत आहे.

वैष्णवी