अण्णाच्या पुढ्यात ड्रम

१० मार्च, मंगळ.
अव्याचा फोन. (गिटार त्याचं, बँड त्याचा, शहाणपणा बी त्याचाच.) शनिवारी रातच्याला प्रोग्राम म्हणे, उघड्या मैदानात. ढोलकीवाल्या बुवांच्या आधी अर्धा तास आपला. मी उडालेच! मग इचारलं, कुठं?
"कुरुंद्यात. तुझ्याच गावात की."
घरी सांगून ठेवलंय, हिंगोलीला कॉम्प्युटर क्लास. जाते तिथल्या अव्याच्या गोडाऊनात ड्रम बडवायला. अण्णाला कळलं की ड्रम बंद अन् शिरड शहापूरचं स्थळ पक्कं. बाप मारत न्हाई. गप बसतो, ते लई वंगाळ.

१२, गुरु.
हळद शिजून राहिली. अण्णा लई खुशीत. "शनिवारी बुवांची ढोलकी! म्या पहिल्या ओळीत बसणार." सोता जत्रेत ढोल वाजवतो, बुवा म्हंजे त्याचा देव.
"सुमे, येती का?"
म्हणलं, कळमनुरीला मैत्रिणीकडं चाललेय. अजून एक खोटं.
अव्या म्हणे तोंडाला स्कार्फ बांध, गाडीवर सगळ्याच पोरी बांधतेत. अरे गाढवा, उन्हात बांधतेत!

१४, शनि.
स्टेजमागं. स्कार्फ बांधला. दोनदा लघवीला जाऊन आले. अण्णा आलाय, पहिल्या ओळीत, मांडी घालून. देवा, लाइट जाऊ दे.

१५, रवि.
लाइट गेली न्हाई.
दुसऱ्याच गाण्यात लोक कावले. "बुवांला आणा!" तेवढ्यात अव्याचं गिटार बंद. सगळे माझ्याकडं. भेवानं काही सुचंना, अन् हात आपोआप लहानपणापासून ऐकलेलं वाजवाया लागले. अण्णाचा जत्रेतला ढोल, जसाच्या तसा. मग शिट्ट्याच शिट्ट्या.
अण्णाचं बोट गुडघ्यावर ठेका धरून होतं. मग थांबलं.
बुवा वर आले, माइकवर म्हणले, "ह्या पोरीला कुणी शिकवलं? पुढं या की." पहिल्या ओळीतून कुणी उठलं न्हाई.
घरी अण्णानं इचारलं, "मैत्रीण बरी हाय का?" "व्हय." मग नुसतं बुवांचं कौतुक. बँडचं अक्षर न्हाई. रातभर डोळा लागला न्हाई माझा.

१६, सोम.
सकाळीच अण्णानं मोटरसायकल पुसली.
"चल, आज तुला क्लासला म्या सोडतो."
"काहून? एसटी हाय की."
"बघू तरी क्लास कसा असतो."
हसला का नुसतं तोंड पुसलं, कळलं न्हाई. बाहेर हॉर्न वाजवून राहिला. हिंगोलीत गाडी थांबवायची कुठं, काय सांगू त्याला?