बारक्या गाडीचं इंजिन

आबा, सांगलीच्या फ्लॅटमधली तुमच्या नातीची खोली आता माझ्या खेळण्यातल्या रेल्वेनं व्यापली आहे. ती बेंगळुरूला, तिची आईही आता नाही, मग अडवणार कोण? प्लायवूडवर रूळ टाकलेत, मिरज केलंय, कवठे महांकाळ केलंय, मधल्या माळावर मेंढरं सोडलीत. डिझेलची दोन इंजिनं आहेत, एक विजेचं. लय देखणी आहेत, पण तुमचा हात लागलेलं त्यात एकही नाही.

तुम्ही ज्यावर फायरमन होता, तसलं हवं होतं. पुण्याच्या दुकानदाराला फोनवर म्हणालो, "बारक्या गाडीचं वाफेचं इंजिन द्या." आपल्याकडं बारकी गाडी म्हणजे अरुंद रुळांवरची, मिरजेहून आपल्या गावावरनं जाणारी. त्याला काय ठाऊक? त्यानं दुकानातलं सगळ्यात बारकं धाडून दिलं, करंगळीएवढं. ते माझ्या रुळांवर बसतच नाही, दोन रुळांच्या मधे पडतं. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मी एकटाच हसलो.

परत पाठवलं नाही. म्हटलं, निदान तुमच्या इंजिनाचा रंग तरी देऊ. ब्रश काळ्यात बुडवला आणि हात थांबला. मी नुकता शाळेत जायला लागलोय, कवठ्याच्या स्टेशनात तुम्ही मला इंजिनावर उचलून घेताय, तापलेल्या फावड्यावर भाकरी शेकताय. मी म्हणतो, "आबा, तुमचं इंजिन काळंकुट्ट हाय." तुम्ही म्हणता, "काळं न्हाई रं गड्या. धूर बसलाय. धुतलं की बघ." धुतलेलं मी कधी पाहिलंच नाही. पुढं बारकी गाडी बंद झाली, रूळ उखडले, मोठी गाडी आली. तुम्ही मात्र मिरजेला शेवटपर्यंत एसटीनंच गेलात, आणि रंगाचं विचारायचं राहून गेलं.

शेवटी काळाच दिला. हा कागद घडी करून त्या इंजिनाखाली ठेवतो, म्हणजे ते जरा रुळाच्या उंचीला येईल. खरं सांगू आबा? मोबाईलवर शोधलं तर त्याचा रंग सापडेलही. मी शोधत नाही. काळं बघून कुणीतरी "न्हाई रं गड्या" म्हणेल, म्हणून तसंच ठेवलंय.