पूर्वेचा न्याय

११ नोव्हेंबर, सोमवार

हरलो! नव्याने नाही. जुनंच हरणं आज वकिलांनी नीट समजावून सांगितलं, एवढंच.

सकाळच्या बसने पांढुर्ण्याहून सौंसरला गेलो. रजनीताई आणि भाऊजी कोर्टाच्या फाटकाशी आधीच उभे. बोरगावच्या त्यांच्या संत्र्याच्या बगिच्याला वाट नाही — दुखणं इतकंच. पूर्वेची गाडीवाट सुखदेवच्या शेतातून जाते. सुखदेव म्हणजे भाऊजींचा चुलतभाऊ, धुऱ्याला धुरा, बांधाला बांध. त्या वाटेसाठी ताईचे सासरे सुखदेवच्या बापाशी भांडले. सौंसरला हरले, छिंदवाड्याला हरले, जबलपूरच्या हायकोर्टातही हरले. मग दोघेही म्हातारे गेले. निकाल मात्र राहिला.

तेव्हापासून माल पश्चिमेकडून, नाल्याकाठच्या पट्टीतून, कॅरेट डोक्यावर घेऊन काढायचा. ती पट्टीही सुखदेवचीच. गाडी नाही, पण पायी चालू देत होता म्हणून चालत होते. या दिवाळीत त्याने तिथंही तार ठोकली. आंबिया बहाराची फळं तोडीला आलीत. व्यापारी म्हणतो, गाडी झाडाजवळ येत असेल तर सौदा, नाही तर राम राम. इकडे फळगळ सुरू.

ताईचा बेत असा, की पूर्वेच्या वाटेची केस पुन्हा टाकायची. "सासरे हारले ना? मी कुठं हारली? माह्या नावानं टाका."

आमच्या वकील स्मिता मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काकू, सासऱ्यांची जमीन तुमच्या घरात आली, तशी त्यांची हारही आली. तीच वाट, तोच वाद, तीच घराणी. कोर्ट पुन्हा ऐकत नाही. याले पूर्व-न्याय म्हणतात."

ताईने 'पूर्व-न्याय' असं एकदा पुटपुटून पाहिलं. मग चेहरा एकदम उजळला. "पूर्वेचा न्याय झाला, मान्य! पश्चिमेचा तर बाकी हाये ना?"

हसलो. कोर्टाच्या आवारात, मोठ्याने! वर 'पूर्व' शब्दाचे दोन अर्थ सांगत बसलो — एक दिशेचा, एक काळाचा. इथला काळाचा. झालं ते झालं, असा. ताई पदर खोचून बसस्टँडकडे चालू लागली.

१२ नोव्हेंबर

ताई फोन उचलत नाही.

१३ नोव्हेंबर

उचलला. "संस्कृत शिकला म्हून बहिणीवर दात काढून राहिला काय रे? ते बी वकिलीणबाईसमोर?" ठेवला.

१४ नोव्हेंबर

प्रायश्चित्त म्हणून सुखदेवकडे गेलो. रदबदली करायला. चहा चांगला होता. बाकी काही नाही.

त्याने निकालाचं शेवटचं पान फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय! वरच्या बाजूला जामसांवलीच्या मारुतीची तसबीर, खाली जबलपूरचं पान. दोघांना एकच हार. "वाद निरस्त किया जाता है" याच्याखाली कुंकवाचं बोट. निरस्त म्हणजे दूर फेकलेलं. धातू मला ठाऊक आहे, पण फेकले गेलेले आमचेच लोक, तेव्हा धातू ठाऊक असून उपयोग काय?

"तुमीच पेपरात लिवता ना विनायकभाऊ, कोर्टाचा मान ठेवा म्हून? मंग ठेवा! आमी तं पूजा करून राहिलो."

"अन् बाकीची पानं?"

"त्याईचं काय करा लागते? जिंकलो, हे याच पानावर हाये."

खरंच आहे. आमच्याही घरात सगळ्यांनी तेवढंच वाचलंय. इतकी वर्षं बातम्यांत 'अंतिम निकाल' लिहितो, आणि अंतिम म्हणजे शेवटचं पान, एवढीच माझीही समजूत!

ताईकडच्या पूर्ण निकालाच्या जुन्या नकला घेऊन स्मिता मॅडमच्या टेबलावर टाकल्या. वाचतील तेव्हा वाचतील. तोवर झाडाखाली सडा.

१६ नोव्हेंबर

मॅडमचा फोन नाही. व्यापाऱ्याचा आला — काटोलकडे दुसरा बगीचा पाहून राहिलो म्हणतो. थांब म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, कोण जाणे. चिडचिड. बायकोवर ओरडलो, तिनं परत ओरडून हिशेब चुकता केला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

स्मिता मॅडमचा फोन! "काका, त्या दिवशी काकू पश्चिम म्हणाल्या ना, ते डोक्यातून जाईना. म्हणून पश्चिम कुठं येते तेच शोधत वाचलं."

तर असं आहे. सासऱ्यांचं म्हणणं होतं, पूर्वेशिवाय आम्हाला वाटच नाही. त्यावर सुखदेवचा बाप कोर्टात शपथेवर बोलला — यांना पूर्वेची गरजच काय? नाल्याकाठी माझी पट्टी आहे, तिथून यांची गाडी येते-जाते, तो यांचा हक्क आहे, मी अडवत नाही. कोर्टाने ते खरं धरलं. तिन्ही कोर्टांनी धरलं. आम्ही हरलो ते त्याच आधारावर!

"हार पक्की, तर ती ज्यावर उभी आहे तेही पक्कं. काकू सासऱ्यांच्या जागी, तसा सुखदेव बापाच्या जागी. त्याले आता त्या शब्दावरून फिरता येत नाही."

"पण गाडी म्हणजे तेव्हाची बैलगाडी..."

"निकालात नुसतं गाड़ी लिहिलंय, काका. बैल नाही लिहिला."

म्हणजे ताईचा पश्चिमेचा न्याय कधीचाच होऊन बसला होता. मी मात्र तिला व्याकरण शिकवत होतो!

फोन करून सांगितलं. ताईने सगळं दोनदा वदवून घेतलं. मग, "हास ना आता."

२० नोव्हेंबर

सुखदेवला नोटीस गेली. मानेल का? तार काढायला सांगणारं कोर्ट वेगळं आणि संत्र्याचं गळणं वेगळं. दोघांचा वेग जुळत नाही.

२३ नोव्हेंबर

सुखदेव आपल्या वकिलाकडे जाऊन आला म्हणे. वकिलाने काय सांगितलं कळलं नाही. भाऊजी म्हणतात, संध्याकाळी तो स्वतःच पक्कड घेऊन नाल्याकाठी उभा होता, तार सोडवत.

२५ नोव्हेंबर

व्यापाऱ्याची गाडी पश्चिमेकडून झाडापर्यंत गेली. ताईने चाकाला नारळ फोडला.

२६ नोव्हेंबर

सकाळी दारात सुखदेव. काखेत ती फ्रेम, आमच्याच पेपरात गुंडाळलेली. बसला नाही, पाणी घेतलं नाही. "विनायकभाऊ, तुमाले समजते म्हून इचारतो. हे केस पुन्हा खुलते काय?"

हसलो नाही. ताईला फोन लावून त्याच्या हातात दिला.