आबांची कावीळ

प्रिय गोकुळ,

हे पत्र बघून तुला वाटेल, ताईला फोन करायला काय झालं. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग माझं राहून जातं. म्हणून दुपारी दवाखान्याचं दार लोटून घेतलंय आणि आबांच्याच टेबलावर लिहायला बसलेय. छायाला आत्ताच दाखवू नकोस, आधी तू एकट्यानं वाच.

आपण लहान असताना आबा ताटावर बसवण्याआधी काय विचारायचे, तुला आठवतं? "भूक लागली का नुसती जेवायची वेळ झाली?" तू खोटं बोललास की त्यांना लगेच कळायचं, कारण ते जीभ बाहेर काढायला लावत. जिभेवर पांढरा थर दिसला की तुझी भाकर बंद, मुगाचं कढण चालू. तू रडायचास. ते तुला चुलीजवळ नेऊन दाखवायचे, ओलं लाकूड घातलं तर नुसता धूर होतो, सगळी लाकडं एकदम कोंबली तर जाळ गुदमरतो, आणि जाळ फार झाला तर भाकर करपते. पोटातला अग्नीही तसाच, म्हणायचे. कोणाचा मंद, कोणाचा तीक्ष्ण, कोणाचा आज असा तर उद्या तसा. न पचलेलं अन्न आत साचतं, त्याचा आम होतो आणि तोच पुढे दुखणं होऊन बाहेर येतो. मी कॉलेजात हे संस्कृतात पाठ केलं, पण समजलं होतं ते त्या चुलीपाशीच.

मेहकरात लोक त्यांना पुडीवाले वैद्य म्हणायचे, पण पुडीपेक्षा त्यांचे प्रश्न जास्त असत. भूक कशी, झोप कशी, मळ पाण्यात बुडतो की तरंगतो. बाया लाजायच्या, ते लाजायचे नाहीत. जानेफळकडचा कारभारी तुला आठवत असेल, केळी घेऊन यायचा तो. आठ वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला तेव्हा मी नुकतीच आबांबरोबर बसायला लागले होते. चार घास खाल्ले की पोट भरतं, अंगावरचे कपडे ढिले झालेत, शौचाला डांबरासारखं काळं होतं, असं त्यानं सांगितलं. आबांनी पुडीचा कागद हातात घेतला होता, तो खाली ठेवला. "हे माह्या पुडीचं काम नाही. आजच्या आज संभाजीनगरले जा. घरी जाऊन इचार करतो म्हनू नको," असं म्हणून त्याला स्वतः स्टँडवर नेऊन बसमध्ये बसवून दिलं. पोटात गाठ निघाली, वेळेत काढली, तो वाचला. मला मात्र त्या दिवशी आबांनी बजावलं, की वैद्याला काय जमतं यापेक्षा काय जमत नाही हे आधी कळलं पाहिजे.

आता पुढचं, जे तुला माहीत नाही.

गेल्या होळीनंतर आबा पुरणपोळीच नाही तर भाकरही अर्धी ठेवायला लागले. उन्हाळा आहे, अग्नी मंद झालाय, म्हणाले. स्वतःच हिंगाष्टक घेतलं, जेवणानंतर सैंधव घालून ताक घेतलं, दोन दिवस लंघन केलं. मीही मान डोलावली. वैशाखात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. एक दिवस रोगी नव्हते तेव्हा त्यांनी हात माझ्यापुढे केला. "नाडी पाह्य. सांग काय म्हनते ते." मी तीन बोटं ठेवली. गोकुळ, ती नाडी नव्हतीच जणू, धागा होता. मी म्हटलं, "मंद आहे आबा, बाकी काही नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो, मंदच हाय." आम्ही दोघंही खोटं बोललो आणि दोघांनाही ते कळलं.

मग ज्येष्ठात आईनं मला मोरीपाशी गाठलं. "माला, तुह्या बापाले काळं होऊन राह्यलं. डांबरावानी. मले सांगू नको म्हनते." मी तडक आबांकडे गेले. ते चूर्ण चाळत होते, मान वर न करता म्हणाले, "लोहभस्म घेऊन राह्यलो. त्यानं काळं होतेच, तुले शिकवलं नाही का?" लोहानं काळं होतं हे खरं आहे, पण आत रक्त झिरपलं तरीही होतं. मी कपाट उघडून पाहिलं. लोहभस्माच्या बाटलीचं सील तसंच होतं. मी कपाट बंद केलं आणि समोर बसलेल्या बाईची जीभ बघायला लागले.

असं का केलं ते मी रोज स्वतःला विचारते. वडिलांना उलट बोलायचं नाही, हे एक. गावात लोक काय म्हणतील, वैद्याला स्वतःचं पोट बरं करता आलं नाही, हे दुसरं. पण खरं कारण एवढंच, की ते घाबरले होते आणि त्यांना घाबरलेलं बघून मीही घाबरले. कारभारीला एका मिनिटात जे सांगितलं, ते स्वतःला सांगायला त्यांच्याकडे धीर नव्हता. आणि माझ्याकडेही नव्हता.

श्रावणात ते दवाखान्यात रक्त ओकले. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. जठराचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. चार-पाच महिने आधी आणायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले, आवाज न चढवता. परत येताना गाडीत आबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "गोकुळले सांगू नको. दूर हाय पोरगं. कावीळ झाली म्हन." शेवटच्या चार दिवसांत तू आलास, पिवळे डोळे पाहिलेस, आणि तुला पटलं. तू मला म्हणालास, ताई, तू होतीस म्हणून आबांची सेवा झाली. मी तुला पाणी आणते म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

तेराव्याला कारभारी आला. सगळ्यांसमोर रडत सांगत होता, "वैद्यबुवानं मले बसमधी बसवून देल्लं, म्हनून मी जित्ता हाओ." मला मान वर करवली नाही. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मला सोसवला नाही.

हे सगळं मी मरेपर्यंत पोटात ठेवणार होते. आबांना शब्द दिला होता. पण परवा छायाचा फोन आला. म्हणाली, हे तीन महिन्यांपासून डब्यातली पोळी परत आणतात, छातीत जळतं म्हणतात, सात किलो वजन उतरलंय, आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, ताईकडून आबांचं चूर्ण मागव, आमच्या घराण्याचं पोटच नाजूक. गोकुळ, चूर्ण मी पाठवणार नाही. कदाचित साधं पित्त असेल. पण आबांना जे होतं, ते त्यांच्या मुलांनी नीट तपासून घ्यायचं असतं, तू आणि मी दोघांनीही. माझी तपासणी काल झाली, काही निघालं नाही. तुमच्या नाशिकच्याच डॉक्टरांकडे दुर्बिणीच्या तपासणीसाठी शनिवारी सकाळी नऊची तुझी वेळ घेतली आहे. शुक्रवारच्या बसनं मी येतेय. तू चिडशील, मला खोटारडी म्हणशील, आबांनाही बोलशील. सगळं बोल, मी ऐकून घेईन. फक्त शुक्रवारी रात्री आठनंतर काही खाऊ नकोस, आणि शनिवारी उपाशी पोटी तयार राहा.

तुझीच,
मालाताई