शेवटच्या वेचणीचं गाठोडं

नाशिक, ९ फेब्रुवारी २०२५

चि. हेमकांत यास शीलाफुईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘हो फुई’ म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून हे कागदावर. फेब्रुवारी उजाडला तरी कपाशी उभी? मूठभर कापसाच्या हावेपायी तू गुलाबी बोंडअळीला उन्हाळाभर घर देतो आहेस. नांगर फिरव. पऱ्हाट्या, म्हणजे त्या वाळक्या काड्या, जळणासाठी रचून ठेवू नकोस. घरातला कापूस याच आठवड्यात विकून टाक. छत्तीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलं मी. निदान सख्ख्या भाच्याने तरी ऐकावं.

फक्त तुझ्या आईच्या हातच्या शेवटच्या वेचणीचं गाठोडं राहू दे. कमलवहिनीची तेवढीच खूण उरली. मी आले की सरकी काढून दादासाठी, तुझ्या बाबांसाठी, गादी भरून घेईन. तोवर माडीवर ठेव.

लोभ आहेच, तो वाढेल की आटेल, हे तुझ्या नांगरावर.

तुझी फुई

धानोरा, २१ जुलै

ती. शीलाफुईस शि. सा. न. वि. वि.

तुमचे सगळे हुकूम पाळले. तुमची सून रंजिता म्हणते, फुईंचा हुकूम आणि आपला घाम.

तरी काहीतरी बिघडलं आहे. शेतात नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावले. एका सापळ्यात रोज आठ पतंग म्हणजे धोका. तीन दिवस वीस-बावीस निघताहेत. नदीकडच्या सापळ्यात दोन-तीनच, घराजवळच्यात सगळ्यात जास्त. फुलंही उमलत नाहीत. पाकळ्या आतून शिवल्यासारख्या, आणि आत अळी. यंदाही पीक गेलं तर बाबा शेत दुसऱ्याला कसायला देणार, आणि आम्ही सुरतेला.

लवकर लिहा. लोभ असू द्यावा.

तुमचा हेमकांत

नाशिक, २५ जुलै

चि. हेमकांत यास आशीर्वाद.

यात कोडं कसलं? शेजारी बघ. नवनीतच्या अंगणात पऱ्हाट्यांची रास असते, मला ठाऊक आहे. एकाचा आळस आणि गावाची होळी! त्याला आजच खरमरीत पत्र टाकलं आहे. तू मिटलेली फुलं तोडून नष्ट कर.

तुझी संतापलेली फुई

धानोरा, ३० जुलै

ती. शीलाफुईस सा. न.

नवनीतभाऊ तुमचं पत्र घेऊन आले. त्यांनी ते बाबांना शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मग शांतपणे म्हणाले, माझ्या पऱ्हाट्या मार्चातच जाळल्या, आता तुमची माडी दाखवा.

खिडकीत मेलेल्या पतंगांचा थर होता. गाठोडं उघडलं, तर सरकीत बोंडअळीचे रिकामे कोष.

फुई, आईच्या कापसाला हवा लागावी म्हणून बाबा रोज सांजवेळी ती खिडकी उघडत. पतंग बाहेर पडताना दिसले की म्हणत, कमल वावरमा जाई ऱ्हायनी, कमल शेतात चालली. आम्हाला वाटायचं, दुःखाने बोलतात.

काल हिरवी बोंडं फोडून पाहिली. वीसपैकी सातांत अळी. आणि बाबा गाठोड्यावर बसून आहेत, हात लावू देत नाहीत.

हेमकांत

नाशिक, ३ ऑगस्ट

चि. हेमकांत,

खिडकीला खिळे ठोक. गाठोडं दादाच्या हातून ओढू नकोस. ते ठेवायला मी सांगितलं, जाळायलाही मीच येते. शनिवारच्या गाडीने निघते.

वावरात जे गेलं, ते आता परत बोलावता येणार नाही.

नवनीतला दुसरं पत्र लिहायला बसले आहे. पहिल्याला दहा मिनिटं लागली होती. याचा मायना लिहून तासभर झाला, पुढे सरकत नाही.

लोभ मागण्याचं तोंड या खेपेला माझं नाही.

शीलाफुई