दुसऱ्या नंबरची खेळाडू

बाई, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, आणि बेसबॉलमध्ये दुसऱ्या नंबरला कोणाला पाठवावं हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. जळगावातल्या वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढली, रोज संध्याकाळी कोणती बातमी वर आणि कोणती खाली हे ठरवते, आणि पाठकोऱ्या कागदावर तुम्ही पेन्सिलीने लिहिलेली नऊ मुलींची यादी समोर येते. आम्हाला तेव्हा क्रिकेटच माहीत. त्यात बाद झालं की पॅड काढून बसायचं. तुम्ही मैदानात फक्की ओतून चार बेस आखले आणि म्हणालात, ‘इथे नववी खेळून झाली की परत पहिली येते. म्हणून आपला नंबर कितवा हे विचारू नका. आपल्या आधी कोण आहे आणि नंतर कोण, ते बघा.’ आम्ही मान हलवली. समजलं कोणालाच नव्हतं.

ते पहिल्यांदा कळलं तुमच्या स्वयंपाकघरात. एप्रिल आहे, सकाळचे सात वाजलेत, आणि रविवारचा सराव म्हणून बोलावलेल्या आम्ही नऊ जणी तुमच्याकडे ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, करायला बसलोय. शिजवलेल्या पिठाचा घाटा गरम आहे तोवरच थापता येतो, गार झाला की चिरतो. मी पातेल्याजवळची जागा पटकावली आहे. माझा हात सगळ्यांत चपळ, मी भराभर थापतेय, आणि मोठे थापतेय, म्हणजे लोकांना दिसावेत. पलीकडच्या मुलींपर्यंत घाटा पोचेतो गार होतोय. तुम्ही दारात उभ्या राहून बराच वेळ नुसतं बघितलंत. शाळेत तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात, पण घरी शिरपूरकडची बोली यायची. ‘तुना बिबडा बठ्ठासमा मोठा शे,’ तुम्ही मला म्हणालात, ‘पन वाळाले बी तितलाच येळ लागी.’ सगळ्यांत मोठा, म्हणून वाळायलाही तितकाच वेळ; सगळ्या हसल्या. मग तुम्ही मला थापण्यावरून उठवलंत आणि दुसऱ्यांना गोळे करून द्यायला बसवलंत. चटके माझ्या बोटांना, बिबडे त्यांच्या नावावर. पण नऊच्या आत गच्चीवरच्या दोन्ही खाटा भरल्या. मी फुगून बसले होते. ‘हात तेच गं,’ तुम्ही माझ्या बोटांना तूप लावत म्हणालात, ‘फक्त ओळ बदलली.’

दुसऱ्या दिवशी यादी लागली तेव्हा मी दुसरी होते. चौथी जागा सगळ्यांत लांब मारणारीची, हे तोवर आम्हाला पाठ झालं होतं, आणि सगळ्यांत लांब मी मारत होते. चौथी होती यावलकडची, केळीच्या शेतातून आलेली, दिवसभरात चार वाक्यं बोलणारी मुलगी. मी वाद घातला. ‘चौथा नंबर तुझ्या मामाने घेऊन ठेवलाय का?’ मैत्रिणींपैकी कोणीतरी म्हणाली. तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि दुसरीचं काम सांगितलंत. पहिली जर बेसवर पोचली, तर मी जोरात मारायचं नाही. बॅट आडवी धरून चेंडू नुसता टेकवायचा. बंट. चेंडू जवळच पडतो, मी बहुधा बाद होते, पण तेवढ्या वेळात पहिली एक बेस पुढे सरकते. मी म्हणाले, ‘बाई, धुळ्याला निवड समिती येणार आहे. ते काय बघतील? मी बाद झालेली?’ तुम्ही खोटं बोलला नाहीत. ‘हो,’ म्हणालात. ‘तसंच दिसेल.’

राज्याच्या संघात निवड झाली की प्रमाणपत्र मिळत होतं, आणि प्रमाणपत्रावर पोलिसात खेळाडूंच्या जागा होत्या. मला ती वर्दी इतकी हवी होती, की मी घरच्या आरशासमोर सॅल्यूट करायचे. धुळ्याच्या त्या मैदानावर अंतिम सामन्याचा शेवटचा डाव आहे, बरोबरी झाली आहे, आणि आमची पहिल्या नंबरची मुलगी चार वाईट चेंडू सोडून, त्याबद्दल मिळालेल्या पहिल्या बेसवर शांतपणे जाऊन उभी आहे. मी बॅट घेऊन आत जाते. मांडवात निवड समितीचे दोघे. धुळ्याच्या मुली एकमेकींना ओरडून सांगताहेत, ‘मागे सरा गं, जळगावची तोफ आली.’ मी तुमच्याकडे बघते. तुम्ही चष्मा काढून पदराने पुसता. ती खूण होती. मला स्वच्छ दिसली, आणि मी सगळा जीव लावून बॅट फिरवली. चेंडू लांब गेला, पार चिंचेच्या झाडापलीकडे, पण रेषेबाहेर. एक संधी गेली. मांडवातला एक जण उठून उभा राहिला होता. मी पुन्हा तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चिडला नव्हतात. पुन्हा चष्मा पुसत होतात, जसं काही मघाशी नीट पुसला गेला नव्हता.

आणि तेव्हा मला मैदान दिसलं. माझ्या त्या फटक्याने घाबरून धुळ्याच्या सगळ्या मुली आणखी मागे गेल्या होत्या. माझ्यापुढे वीस पावलं नुसती मोकळी जमीन. मी कितीतरी दिवस त्या मैदानाची स्वप्नं बघितली होती, आणि ही जागा मला एकदाही दिसली नव्हती. तुम्हाला ती महिनाभर आधी, पाठकोऱ्या कागदावर दिसली होती. जिला जोरात मारता येत नाही तिने बंट केला तर समोरच्यांना आधीच वास लागतो, त्या पुढे येऊन उभ्या राहतात. धाक असणारीच्याच पुढ्यात जागा मोकळी असते. मी बॅट आडवी केली. चेंडू दोन हातांवर पडून मेल्यासारखा थांबला. मी बाद झाले, पहिली दुसऱ्या बेसवर. तिसरीही बाद झाली, पण तिच्या चेंडूवर पहिली तिसऱ्या बेसवर गेली. आणि केळीच्या शेतातल्या त्या मुलीने, काही न बोलता, तिला घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आणलं. आम्ही जिंकलो. धुळ्याच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या.

एसटीत सगळ्या गात होत्या. तुम्ही उभ्या राहिलात, दांडा धरून, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, ‘हिने काय केलं कळलं का? पहिला फटका मुद्दाम जोरात मारला, रेषेबाहेर. त्यांना मागे ढकललं आणि मग बंट. हे मी शिकवलेलं नाही.’ सगळ्या माझ्या गळ्यात पडल्या. मी त्या मिठ्या घेत राहिले. निवड झाली ती पहिलीची आणि चौथीची. चौथी आज धुळ्याला फौजदार आहे. आणि मी पुढची कितीतरी वर्षं लोकांना सांगत राहिले, की बाईंनी माझी राज्याच्या संघातली जागा घालवली. तुम्ही आजारी असताना तीनदा निरोप आला, मी एकदाच आले, आणि तेव्हाही घड्याळ बघत बसले. तुम्ही झोपूनच विचारलंत, ‘पेपरात पहिल्या पानावर काय घेतेस?’ मी सांगितलं. ‘आणि त्याच्या खाली?’ तुम्ही विचारलंत.

तो बंट तुम्ही माझ्याकडून करवला, असं मी म्हणत आले. ते खरं नाही. तो माझा मीच केला, जागा दिसली म्हणून. तुम्ही मला फक्त अशा ठिकाणी उभं केलंत, की हट्टी मुलीलाही ती जागा दिसावी. मी ऐकणार नाही हेसुद्धा तुम्ही धरून चालला होतात का, हे मला आता कोणी सांगू शकत नाही. पण नऊ जणींना इतकं आतून ओळखणं, आणि त्या ओळखीची एक ओळ करणं, एवढं मोठं काम मी नंतर कुठे पाहिलेलं नाही. ऑफिसातही नाही, निवडणुकीतही नाही.

आज सकाळी शाळेच्या मैदानावर गेले होते. आमची तिसरी आता तिथे शिकवते. तिने नव्या मुलींपुढे मला उभं केलं. त्या बंटची गोष्ट त्यांना आधीच पाठ होती, तुमच्या शब्दांसकट. या वर्षीची दुसऱ्या नंबरची मुलगी, दोन वेण्यांची, जरा रागावलेली, मला म्हणाली, ‘मावशी, तो पहिला बॉल तुम्ही खरंच मुद्दाम बाहेर मारला होता?’ तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं, की तिला खरं उत्तर हवं आहे आणि उपयोगीही तेच पडेल.

मी हो म्हणाले. तुमची गोष्ट मोडू नये म्हणून, असं घरी येताना स्वतःला समजावलं. पण तसं नव्हतं, बाई. मी तो मुद्दाम मारला, हे मला अजून ऐकायला आवडतं.