हरवल्याची नोंद

प्रिय टकळे,

तुझी चिठ्ठी परवा मिळाली. सोमवारच्या चौकशीत मी तुझ्या बाजूने साक्ष द्यावी, असं तू लिहिलंयस. ‘घुमी बोलत नाही, पण बोलली तर खरंच बोलते’ हे वाक्य मी चार वेळा वाचलं आणि मग जेवण गेलं नाही. समोर बसून सांगायला गेले तर पहिल्याच वाक्याला माझी गाडी अडेल, म्हणून लिहिते आहे.

आधी मनातलं सांगते. मला तुझा हेवा वाटतो. हसू नकोस गं. सर्वांत कमी गुन्ह्यांची ढाल सलग दोन वर्षं माझ्या चौकीत आहे आणि बोलणी तू खातेस, तरी जळते ती मीच. प्रशिक्षणात आपण एका बाकावर बसून तेच फॉर्म भरायला शिकलो. अक्षर माझं चांगलं, मार्क माझे जास्त. पण कॅन्टीनवाला पहिला कप तुझ्यापुढे ठेवायचा. मग एकाच दिवशी दोघींना तक्रार-टेबल मिळालं, तुला पुलापलीकडे, मला अलीकडे. तू टेबलासमोर दोन बाकं मागून घेतलीस आणि महिनाभरात ती पुरेनाशी झाली. माझ्याकडे एकच खुर्ची, तीही बहुतेक वेळा रिकामी.

ती रिकामी कशी राहते, ते तुला ठाऊक नसेल असं नाही. बाई येते, पर्स गेली म्हणते. मी विचारते, “चोरताना पाहिलंत का? नाही ना? मग हरवली असं लिहू.” हरवलेली वस्तू गुन्ह्यांत मोजली जात नाही. साहेबांना आकडा कमी हवा असतो आणि मला साहेबांची शाबासकी. मोठ्या घरांतली माणसं बिलं आणि विम्याचे कागद घेऊन येतात, आवाज चढवतात. त्यांची चोरी मी चोरी म्हणूनच लिहिते. गिरणीमागच्या खोल्यांतल्या बायका कामाची पाळी बुडवून येतात, त्यांच्याकडे बिल कुठलं? अर्ध्या जणी माझा चेहरा बघूनच परत फिरतात. म्हणून मुख्य कचेरीतल्या नकाशावर त्याच गल्ल्या स्वच्छ दिसतात, आणि तुझ्या हद्दीला गोवर आल्यासारखे लाल ठिपके.

तू मात्र प्रत्येकीला वेळ विचारलीस, नेमकी जागा विचारलीस. पाळी सुटल्यावरच्या अर्ध्या तासात, कारखान्याच्या मागच्या भिंतीलगतच पर्सा खेचल्या जातात, हे तुझ्या वहीतून निघालं. नगरपालिकेच्या इतक्या खेपा घातल्यास की शेवटी तिथे दिवे लागले. खेचाखेची थांबली. पण तुझ्यावर भरवसा बसल्यावर कधी चौकीची पायरी न चढलेल्या बायका घरातली मारहाण, मुकादमाचा त्रास सांगायला आल्या, आणि कागदावर तुझी हद्द आणखी वाईट दिसू लागली.

वार्षिक बैठकीत मला ढाल मिळाली आणि तुला उभं केलं. “तुमच्याकडे एवढे चोर आले कुठून?” साहेबांनी विचारलं. तू म्हणालीस, “चोर तेवढेच आहेत साहेब, सांगणारे वाढलेत.” सगळे हसले, साहेबांनाही हसावं लागलं. चहाच्या वेळी तुझ्याभोवती पाचसहा जणी, हे कसं जमवलंस विचारत होत्या. मी ढाल पिशवीत घालून खिडकीशी उभी होते. माझ्याकडे कुणी आलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी टपालात तुझ्या चौकीचा कागद आला. गुन्हा माझ्या हद्दीतला, तक्रार तू घेतलेली, पुढच्या कारवाईसाठी माझ्याकडे पाठवलेली. भर दुपारी बाजारात स्कूटरवरच्या दोघांनी पिशवी खेचली. आत चष्मा, औषधं आणि दुरुस्तीला नेलेलं नवऱ्याचं घड्याळ. तक्रारदार माझी आई. वर तुझी बारीक चिठ्ठी टाचलेली: ‘आईंना रागावू नकोस.’

गुडघा खरचटला तो जिन्यात पाय घसरून, असं तिने मला सांगितलं होतं. घरी जाऊन कागद पुढे धरला तशी म्हणाली, “तुझ्याकडे आले असते तर तू हरवली लिहिलं असतंस. आणि चोरी लिहिली असतीस तर तुझा आकडा बिघडला असता. म्हटलं, तुला कशाला अडचणीत टाका.” मग म्हणाली, “तिने आधी गुडघा बघितला. पाणी दिलं. घड्याळ कुणाचं ते विचारलं, मग मी रडून घेतलं.” बाबा गेले तेव्हाही आई माझ्यासमोर रडली नव्हती, टकळे. दोन बस बदलून ती तुझ्यासमोर रडायला गेली. त्या चोरांपेक्षा तुझाच मला जास्त राग आला, आणि त्या रागाची इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी आईच्या नजरेला नजर दिली नाही.

आता खरं कारण. तू खोट्या नावांनी तक्रारी रचून नोंदवही फुगवतेस, ही निनावी तक्रार, जिच्यावरून ही चौकशी लागली, ती मी केली. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टायपिंगच्या दुकानात जाऊन. आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांकडे मी सहीनिशी जबाब दिला आणि माझ्या दोन वर्षांच्या हरवल्याच्या नोंदी त्यांच्या टेबलावर ठेवल्या. निम्म्याहून अधिक चोऱ्याच आहेत, हेही लिहून दिलं. नोकरी राहते की जाते, बघू. सोमवारी भरल्या खोलीत हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही, कारण मन अजून साफ झालेलं नाही. सही करून बाहेर पडले आणि पहिला विचार आला तो हाच, की आता सगळे तुझंच कौतुक करतील. पुन्हा काहीतरी टोचलं. तरी परत आत जाऊन मी सही खोडली नाही, एवढंच.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
घुमी